खड्डा कुणाच्या नावावर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

८ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी कोळशाच्या बाजूने आदेश काढले. त्यातले ‘सुंदर, स्वच्छ कोळसा’ हे शब्द आपल्याकडच्या चर्चेतही फिरू लागले आहेत आणि त्यांच्या मागोमाग एक समजही: पर्यावरणवाल्यांनी तिथल्या खाणकामगाराच्या पोटावर पाय दिला. हे खरे नाही. वेस्ट व्हर्जिनिया राज्यात १९५० च्या सुमारास सव्वा लाखाच्या घरात खाणकामगार होते, आज ते पंधरा हजारांच्या आत आहेत. यातली सर्वांत मोठी घसरण १९७० पर्यंत, म्हणजे तिथली केंद्रीय पर्यावरण संस्था जन्माला येण्याआधीच, होऊन गेली होती. माणसांची जागा यंत्रांनी घेतली, एवढी साधी गोष्ट.

कोळसा कंपन्यांवर टीका करताना आपण फुटलेल्या डोंगराचा फोटो छापतो. पण डोंगर फोडायचा तिथे रीतसर परवाना मिळतो. हावरटपणा खरा दिसतो तो नंतर, खड्डा बुजवण्याचे पैसे कुणी द्यायचे या हिशेबात. तो हिशेब मराठीत फारसा मांडला जात नाही, म्हणून हे पत्र. थोडे लांबणार आहे, त्याबद्दल क्षमस्व.

आधी काम कसे चालते ते पाहू. अ‍ॅपलाचिया म्हणजे वेस्ट व्हर्जिनिया, पूर्व केंटकी, व्हर्जिनियाचा नैर्ऋत्य कोपरा आणि टेनेसीचा थोडा भाग. इथल्या डोंगरांत कोळशाचे पातळ, आडवे थर चळतीसारखे एकावर एक आहेत. बोगद्यातून एकेक थर काढायचा तर माणसे लागतात. वरून सोलत आले तर फार लागत नाहीत. या वरून सोलण्याला ‘माउंटनटॉप रिमूव्हल’ म्हणतात. जंगल तोडून झाले की ड्रिलने ओळीत भोके पाडतात आणि त्यांत दारू भरतात: ९४ टक्के अमोनियम नायट्रेट, ६ टक्के डिझेल. स्फोटाने सुटा झालेला खडक ड्रॅगलाइन (प्रचंड बादली दोरखंडाने ओढणारे यंत्र) किंवा शॉव्हेल-डंपरने हलवायचा, थर उघडा पडला की कोळसा उचलायचा, आणि खालच्या थरासाठी पुन्हा ड्रिल लावायचे. चंद्रपूर-वणी भागात ज्याला सगळे ‘ओबी’ म्हणतात, तोच हा वरचा खडक-मातीचा माल.

अडचण अशी की फुटलेला खडक फुगतो. पुन्हा दाबून बसवला तरी तो मूळ जागेपेक्षा साधारण १५ ते २५ टक्के जास्त जागा खातो. शिवाय उचलून परत वर रचायचा म्हणजे डिझेल आणि डंपरच्या फेऱ्या आल्या. त्यापेक्षा शेजारच्या दरीत ढकलणे स्वस्त. या भरावाला व्हॅली फिल म्हणतात. वरून थेट ढकलायचे असेल तर त्या मालात किमान ८० टक्के खडक टिकाऊ, पाण्याने न फुटणारा असावा, असा केंद्रीय नियम आहे. त्यामागे कारण आहे. मोठे दगड गडगडत तळाला जाऊन बसतात आणि त्यांच्या फटींतून पाणी वाहते. भरावाचा निचरा त्यावरच अवलंबून असतो. मालात शेल (मऊ, पापुद्र्यांचा खडक) जास्त असला तर तो भिजून चिखल होतो, फटी बुजतात, पाणी आत तुंबते आणि भराव घसरायला लागतो.

पण निचरा उत्तम झाला तरी दुखणे संपत नाही. अखंड खडकावरून पाणी वाहून जाते. फुटलेल्या खडकात ते मुरते आणि प्रत्येक तुकड्याची ताजी बाजू धुऊन काढते. खडकातल्या पायराइटला (लोह-गंधकाच्या खनिजाला) हवा-पाणी लागले की गंधकाम्ल तयार होते. शेजारचे चुनखडीयुक्त खनिज त्या आम्लाला मारते, म्हणून पाणी बऱ्याचदा आम्लधर्मी राहत नाही. पण त्या झटापटीत सल्फेट, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मोकळे होऊन ओढ्यात उतरतात. त्यामुळे पाणी काचेसारखे दिसते आणि तरीही आतून मरते. याची खूण विद्युतवाहकतेत सापडते: पाण्यात विरघळलेले क्षार जितके जास्त, तितकी ती जास्त. जंगलातल्या ओढ्यात ती सहसा २०० मायक्रोसिमेन्सच्या आत असते, भरावाखाली हजाराच्या पुढे जाते. केंद्रीय पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये ३०० ही पातळी धोक्याची ठरवली, कारण तिच्यापुढे दगडाखाली वाढणारे मे-फ्लायसारखे कीटक नाहीसे होतात आणि मासे त्यांच्यावरच जगतात. खडकातून सुटणाऱ्या सेलेनियम या मूलद्रव्याची गोष्ट निराळी. ते अन्नसाखळीत साठत जाते आणि माशांच्या पिल्लांत व्यंग आणते. भराव घालून दशके लोटली तरी ही झिरप थांबत नाही. हे लक्षात ठेवावे, कारण पैशाचे गणित पुढे इथेच फसते.

१९८५ ते २००१ या काळात या भरावांखाली ७२४ मैल, म्हणजे सुमारे ११६५ किलोमीटर ओढे गाडले गेले, असे त्याच संस्थेच्या पाहणीत आढळले. कायदा नव्हता का? होता. १९८३ पासून वाहत्या ओढ्यापासून १०० फूट अंतर राखायचा नियम होता. शिवाय स्वच्छ पाण्याच्या कायद्याखाली कचरा ओढ्यात टाकायला परवाना मिळणे अवघड होते. यावर मे २००२ मध्ये तोडगा निघाला तो असा: ‘भराव’ या शब्दाची व्याख्या बदलली आणि खाणीचा टाकाऊ खडक कचऱ्याऐवजी भरावात मोडू लागला. एका व्याख्येत काम भागले! ओढ्यांना संरक्षण देणारा नवा नियम डिसेंबर २०१६ मध्ये आला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये तो नव्या काँग्रेसने (तिथल्या संसदेने) आणि नव्या अध्यक्षांनी रद्द केला. तो जेमतेम महिनाभर अमलात होता.

खाण संपल्यावर डोंगराला जवळपास मूळचा आकार द्यावा, हे ३ ऑगस्ट १९७७ रोजी जिमी कार्टर यांनी सही केलेल्या खाण कायद्यातच आहे. पण त्यात एक सूट आहे. सपाट केलेल्या जागेवर उद्योग, शेती, घरे किंवा सार्वजनिक सोय होणार असेल तर आकार परत द्यायची गरज नाही. केंटकीतल्या मार्टिन काउंटीत अशा जागेवर केंद्रीय तुरुंग बांधला गेला. बांधकाम चालू असतानाच भरावाची जमीन खचू लागली आणि लोकांनी त्या तुरुंगाचे नाव ‘सिंक सिंक’ ठेवले, न्यूयॉर्कच्या सिंग सिंग तुरुंगाच्या चालीवर. असे काही उभे राहिले तरी बरे म्हणायचे. बहुतेक पठारांवर डोझर फिरवून जमीन दगडासारखी घट्ट करतात आणि परदेशी गवताचे बी पाण्यात कालवून फवारतात. गवत लवकर हिरवे होते, तपासनीस खूश होतो, पण झाडाचे मूळ त्या जमिनीत शिरत नाही. झाडे जगवायची तर वरची किमान चार फूट माती सैल, न दाबता सोडावी लागते. हे तिथल्या वनतज्ज्ञांनी दाखवून देऊन वीस वर्षे झाली. त्याला खर्चही कमीच येतो, डोझरच्या फेऱ्या वाचतात.

कोळसा धुण्याच्या वॉशरीतून निघालेला काळा गाळ हे दुसरे दुखणे. तो दरीच्या तोंडाशी बांध घालून साठवतात आणि बांधही बऱ्याचदा टाकाऊ मालाचाच असतो. २६ फेब्रुवारी १९७२ रोजी वेस्ट व्हर्जिनियातल्या बफेलो क्रीकवरचा असा बांध फुटला. सुमारे ५० कोटी लिटर गाळपाणी खालच्या वस्त्यांवर आले, १२५ माणसे मेली, चार हजारांहून अधिक बेघर झाली. चारच दिवस आधी केंद्रीय तपासनीसाने बांध समाधानकारक असल्याचा शेरा दिला होता. पिट्स्टन कंपनीने या प्रकाराला ‘देवाची करणी’ म्हटले. राज्याने १० कोटी डॉलरचा दावा लावला आणि १९७७ मध्ये गव्हर्नरने पद सोडायच्या तोंडावर तो १० लाखांत मिटवला. म्हणजे रुपयातला एक पैसा.

११ ऑक्टोबर २००० रोजी मार्टिन काउंटीत बांध शाबूत राहिला आणि तळ फुटला. तलावाखाली जुनी भूमिगत खाण होती आणि मधला खडकाचा पडदा नकाशावर दाखवला होता त्याहून कितीतरी पातळ निघाला. गाळ खाणीत शिरला, तिच्या तोंडांतून बाहेर पडला आणि दोन ओढ्यांत उतरला: सुमारे ११६ कोटी लिटर. एक्सॉन वाल्डीझ जहाजातून सांडलेल्या तेलाच्या २८ पट. ही खाण मॅसी एनर्जी या कंपनीच्या उपकंपनीची होती. सहा वर्षांपूर्वी तोच तलाव एकदा गळला होता. खाण-सुरक्षा खात्याचा दंड शेवटी कमी होत होत ५,६०० डॉलरवर आला.

कोळसा धुताना वापरायचे एमसीएचएम हे रसायन ९ जानेवारी २०१४ रोजी वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्सटन शहराजवळ एल्क नदीत सांडले. टाकीच्या तळाला भोक पडले होते आणि भोवतीच्या संरक्षक भिंतीला तडे गेले होते. शहराचे पाणी उचलण्याची जागा दीडच मैल खाली. नळाला ज्येष्ठमधासारखा वास येऊ लागला आणि तीन लाख लोकांना पाणी पिऊ नका, त्याने धुऊही नका, असे सांगावे लागले. टाकीची मालक फ्रीडम इंडस्ट्रीज. गळतीनंतर आठव्या दिवशी या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज दिला. हे आठ दिवस महत्त्वाचे आहेत, कारण तिथल्या कोळसा धंद्याचा हाच जुना डाव आहे. मोठ्या कंपन्या तो अधिक सावकाश आणि अधिक सफाईने खेळतात.

१९७७ च्या कायद्यानुसार परवाना मिळण्याआधी कंपनीला हमी, म्हणजे बाँड, द्यावा लागतो. कंपनी पळाली तर सरकारने त्या पैशातून जागा दुरुस्त करावी, हा हेतू. बाँड टप्प्याटप्प्याने सुटतो: खड्डा भरून उतार दिले की ६० टक्क्यांपर्यंत, हिरवळ धरली की आणखी काही आणि बाकीचा जबाबदारीची मुदत संपल्यावर. पावसाच्या मुलखात ही मुदत पाच वर्षे, पश्चिमेकडच्या वायोमिंग राज्यासारख्या कोरड्या मुलखात दहा. कागदावर व्यवस्था चोख आहे. पण वेस्ट व्हर्जिनियात बाँडला कमाल मर्यादा आहे, एकरी ५,००० डॉलर. वरचा खर्च टनामागे २७.९ सेंट कर घेऊन भरलेल्या राज्य-निधीतून भागवायचा. कोळसा कमी निघाला की कर कमी जमतो, आणि कोळसा कमी निघतो तेव्हाच कंपन्या बुडतात. छत्री नेमकी पावसात मिटते. त्यात खाणीतून झिरपणाऱ्या पाण्यावर वर्षानुवर्षे प्रक्रिया करायचा खर्च एकरी दरात बसतच नाही.

मग कंपन्या काय करतात? जुनी खाण ‘तात्पुरती बंद’ म्हणून जाहीर करतात. बंद आहे म्हणून कोळसा नाही, तात्पुरती आहे म्हणून दुरुस्तीही नाही. अशा खाणी वर्षानुवर्षे पडून राहतात. आणि तेवढ्याने भागले नाही तर खाण, तिचा परवाना आणि कामगारांची देणी यांचे गाठोडे बांधून ते दुबळ्या कंपनीच्या गळ्यात मारतात.

पीबॉडी या बलाढ्य कंपनीने २००७ मध्ये पेट्रियट कोल वेगळी काढली. नाव पाहा, देशभक्त! कामगार संघटनेच्या हिशेबाने पेट्रियटकडे पीबॉडीचा १३ टक्के कोळसा गेला आणि निवृत्तांच्या औषधपाण्याचा ४० टक्के बोजा. आर्च या दुसऱ्या मोठ्या कंपनीने आपल्या जुन्या खाणी मॅग्नम नावाच्या कंपनीला दिल्या होत्या. २००८ मध्ये पेट्रियटने मॅग्नमही घेतली. जुलै २०१२ मध्ये पेट्रियट दिवाळखोर झाली, मे २०१५ मध्ये पुन्हा. सुमारे १२,००० एकरांची होबेट खाण यातलीच. दुसऱ्या दिवाळखोरीत चांगल्या खाणी एकाने उचलल्या आणि उरलेल्या खाणी दुरुस्तीच्या नावाने ईआरपी या नव्या संस्थेकडे गेल्या. मार्च २०२० मध्ये तिच्याकडचे पैसे संपले आणि सुमारे शंभर परवान्यांसाठी राज्याला कोर्टातून रिसीव्हर (मालमत्ता सांभाळणारा अधिकारी) नेमून घ्यावा लागला. पीबॉडी आजही कोळसा विकत आहे आणि आर्चही, दुसऱ्या कंपनीत मिसळून नव्या नावाने का होईना.

वायोमिंगमध्ये तर याहून सोपे होते. तिथे मोठ्या कंपनीला ‘सेल्फ-बाँड’ची मुभा होती, म्हणजे स्वतःच स्वतःला जामीन राहायचे. ऑगस्ट २०१५ ते एप्रिल २०१६ या नऊ महिन्यांत अल्फा, आर्च आणि पीबॉडी तिन्ही कंपन्यांनी हात वर केले. अल्फाची वायोमिंगमधली स्वतःची हमी होती ४१.१ कोटी डॉलर. तडजोडीत राज्याच्या हातात अग्रक्रमाचा दावा आला ६.१ कोटींचा. आर्चचे ४८.५५ कोटींना ७.५ कोटी. आणि या दिवाळ्याचे कारण? २०११ मध्ये पोलादाच्या कोळशाचा भाव टनाला ३३० डॉलरवर गेला, तेव्हा तिघांनी कर्ज काढून दुसऱ्या कंपन्या विकत घेतल्या. अल्फाने मॅसीसाठी मोजलेली किंमत ७१० कोटी डॉलर होती. २०१६ च्या सुरुवातीला तो भाव शंभराच्या खाली आला होता, आणि दरम्यान वीजकेंद्रे स्वस्त गॅसकडे वळली होती. पर्यावरणाच्या नियमांना यात फार तर पाहुण्याची भूमिका होती. निवृत्तांचे लाभ बंद करायची परवानगी मागणाऱ्या त्याच अल्फाने वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी १.१९ कोटी डॉलरपर्यंत बोनस न्यायालयाकडून मंजूर करून घेतला.

मॅसीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. ५ एप्रिल २०१० रोजी तिच्या अप्पर बिग ब्रँच खाणीत २९ कामगार मेले. कोळसा कापणाऱ्या यंत्राचे दात झिजलेले, पाण्याचे फवारे गायब. ठिणगीने मिथेन पेटला. एवढ्यावर तो स्फोट स्थानिक राहिला असता. पण बोगद्यात कोळशाची भुकटी साचू दिली होती आणि ती निष्क्रिय करायला चुनखडीची पूड पुरेशी मारली नव्हती, म्हणून आग भुकटीवर स्वार होऊन मैलोगणती धावली. चौकशीत कंपनीच्या दोन वह्या सापडल्या: धोक्यांच्या नोंदींची एक स्वतःसाठी, दुसरी तपासनीसांना दाखवायला. प्रमुख डॉन ब्लँकनशिप यांना २०१६ मध्ये शिक्षा झाली, एक वर्ष कैद. सुरक्षेचे नियम मोडण्याचा कट हा तिथे किरकोळ गुन्हा आहे.

छातीचा हिशेबही असाच. चांगले थर संपले, उरलेल्या पातळ थरांसाठी आजूबाजूचा वाळूखडक कापावा लागतो आणि त्यातली सिलिका कोळशाच्या धुळीपेक्षा कितीतरी घातक असते. मध्य अ‍ॅपलाचियात २५ वर्षांहून अधिक काम केलेल्या पाचांपैकी एका कामगाराला काळ्या फुप्फुसाचा रोग असल्याचे २०१८ मध्ये केंद्रीय संशोधकांनी नोंदवले. या रुग्णांची भरपाई मालकाने द्यायची, मालक बुडाला तर सरकारी निधीने. अल्फाने या देण्यापोटी तारण ठेवले होते १.२ कोटी डॉलर. निधीवर आलेला बोजा अंदाजे ४९.४ कोटी, असे तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी २०२० मध्ये सांगितले.

१ जुलै २०१९ रोजी ब्लॅकज्वेल ही कोळसा कंपनी बुडाली. सुमारे १,७०० कामगार, बँकेतून परत आलेले पगार. नव्या खाण कंपनीने चार आठवड्यांच्या पगाराची हमी ठेवावी असा केंटकीत कायदा आहे. ती ठेवलीच नव्हती आणि कुणी मागितलीही नव्हती. हार्लन काउंटीतल्या कामगारांनी कोळशाने भरलेली मालगाडी रुळांवर बसून अडवली, जवळजवळ दोन महिने. याच कंपनीच्या वायोमिंगमधल्या दोन खाणींचे परवाने अजून आधीच्या मालकाच्या, काँटुराच्या, नावावर होते. काँटुराने त्या पुढच्या कंपनीला देताना तिलाच वर सुमारे ९ कोटी डॉलर दिले. विकणाराच घेणाऱ्याला पैसे देतो, यावरून खाणीची खरी किंमत कळावी.

हे सगळे सातासमुद्रापलीकडचे आहे असे मानू नये. अमेरिकी कोळशाच्या मोठ्या ग्राहकांत भारत आहे. आणि मुंबईच्या एस्सार समूहाने २०१० मध्ये वेस्ट व्हर्जिनिया-केंटकीतली ट्रिनिटी कोल सुमारे ६० कोटी डॉलरला घेतली होती. फेब्रुवारी २०१३ मध्ये धनकोंनी तिला दिवाळखोरी न्यायालयात खेचले.

आपल्याकडे २००९ पासून नियम वेगळा आहे आणि एका बाबतीत बरा आहे. खुल्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख रुपये या त्या वेळच्या दराने, वर्षाला ५ टक्के वाढ धरून, रोख रक्कम एस्क्रो खात्यात (त्रयस्थाच्या ताब्यातल्या राखीव खात्यात) टाकायची, असे तेव्हा ठरले. खाते कोळसा नियंत्रकाच्या हाती. नुसत्या शब्दावर चालत नाही. पण दर पुरेसा आहे का आणि खाते भरले आहे का, हे वेगळे प्रश्न आहेत. आपल्या वार्ताहरांनी चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूर जिल्ह्यांतल्या प्रत्येक खुल्या खाणीबाबत चार गोष्टी मागवून छापाव्यात: एस्क्रोत जमा रक्कम, आजवर बुजवलेले हेक्टर, कंपनीने दर पाच वर्षांनी खात्यातून परत घेतलेली रक्कम, आणि ओबीच्या ढिगाऱ्याखालून निघणाऱ्या नाल्यातल्या पाण्याची विद्युतवाहकता. शेवटची गोष्ट कुणाकडे मागायचीही गरज नाही. हातात धरायचा मीटर दोन-तीन हजारांत मिळतो. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, ढिगाऱ्याच्या वर आणि खाली, अशी चार मोजमापे घेतली की पुरे.

आपला,
एक वाचक, चंद्रपूर